फुकट चिठ्ठीचा फ्रिज

गेवराईत कल्याणरावांच्या कापडदुकानासमोर नवं, एसीवालं दुकान निघालं आणि इकडं गिऱ्हाईक फिरकेना. झालं! आमच्या कल्याणरावांनी दिवाळीला बक्षीस लावलं. वीस रुपयाला चिठ्ठी. नाव निघेल त्याला फ्रिज. फ्रिज हार घालून दारात उभा. (घरी उमाबाई तीन उन्हाळे फ्रिज मागत होत्या. त्यांना ठरलेलं उत्तर, "माठातलं पाणी लई गोड लागतंय.")

पाटी बघून वकील पुतण्या केदारनाथ धावतच आला.

"काका, जेलात जायचंय का? पैसे घेऊन नशिबाची चिठ्ठी विकली की ती लॉटरी. ती सरकारनं काढायची, तुमी न्हाई!"

"मग रं?"

"चिठ्ठी फुकट द्या. खरेदीची अट पण नको. मग ते नुस्तं बक्षीस."

कल्याणराव असे घाबरले, की त्यांनी घेतलेले पैसे परत केले आणि स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : 'चिठ्ठी फुकट! कुणीबी घ्या, कितीबी घ्या!' कायदा पाळावा तर असा सढळ हातानं!

गर्दी उसळली. कापड कुणी घेईना ती गोष्ट वेगळी.

पाडव्याला मठाच्या स्वामींनी चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला. अख्खा बाजार श्वास रोखून उभा.

"मोठ्यानं वाचा, स्वामी," कल्याणराव ऐटीत म्हणाले.

"उमाबाई कल्याणराव..."

पुढचं आडनाव कुणाला ऐकूच आलं नाही.

"शेठ," आसाराम मेंढपाळ ओरडला, "फ्रिज दुकानातून घरात न्यायला एवढा गाव कशापायी जमवला?"

कल्याणरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता या दुकानात कुत्रंसुद्धा येणार नव्हतं. बायका मात्र खूश. "उखाणा घ्या, वैनी!"

उमाबाई पदर सावरून पुढं आल्या.

"फ्रिजात ठेवते ताक, ताकावर लोणी,
कल्याणरावांच्या दुकानात माझ्यावानी नशीबवान न्हाई कोणी!"

"अगं, तू कवा चिठ्ठी टाकलीस?" कल्याणराव कुजबुजले.

"तुमी रोज दुपारी गल्ल्यावर घोरत होता तवा. कितीबी घ्या म्हणलं होतं ना? चारशे टाकल्या."

"चारशे! मग हा फ्रिज सोड. लोकांना काय तोंड दाखवू?"

"कायद्यानं लागलाय. केदारला इचारा."

केदारनाथानं मान डोलावली. मेल्यानं सल्ल्याची फी घेतली नव्हती, पण ती अशी वसूल केली. शेवटी अब्रू राखायला कल्याणरावांनी हात जोडून जाहीर केलं, "याच डब्यातून उद्या दुसरी सोडत! नवं बक्षीस!" टाळ्या पडल्या. त्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात उमाबाई कानाशी आल्या.

"अवो, या खेपेला वॉशिंग मशीन ठेवा. डब्यात माझ्या तीनशे नव्याण्णव हायत अजून."