चोवीस पावलांचा दोर

ऐन उत्सवाच्या सकाळी दोरवाल्याची कंबर धरली आणि बंदरावरच्या ‘सहकुटुंब दोर वळा’ या मांडवात दोर वळून दाखवायला कुणी उरलं नाही. तीन कुटुंबं बाह्या सरसावून उभी होती. तांडेल, म्हणजे ज्याच्या जुन्या होडीचं सकाळपासून कौतुक चाललं होतं तो, रडकुंडीला येऊन म्हणाला, “कुणाला येतं का हो हे काम?”

“मला येतं,” असं कुणीतरी म्हणालं. हे कोण म्हणालं ते बघायला निवृत्त ग्रंथपालांनी मागे वळून पाहिलं, तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

“तुम्हाला?” त्यांची बायको म्हणाली. “अहो, पायजम्यात नाडी मी घालून देते तुमच्या!”

“वाचलंय मी,” ग्रंथपाल पुटपुटले आणि त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. “अख्खं प्रकरण आहे.”

“प्रकरणच होणार आहे आज,” मेहुणा म्हणाला. तो खास बहिणीकडे राहायला म्हणून आला होता आणि त्याला करमणूक हवीच होती.

खुर्ची कशी करावी, विहीर कशी बांधावी, याचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते ग्रंथपालांनी चाळीस वर्षं लोकांना बिनचूक सांगितलं होतं. स्वतः मात्र कधी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. आज पाच वाजता ती होडी याच मांडवात वळलेल्या दोरानं ओढून, माणसांनी ढकलून गोल फिरवायच्या उभ्या रहाटापर्यंत आणायची होती. तो दोर आपण वळायचा, बायकोच्या डोळ्यांदेखत वळायचा, असं त्यांनी ठरवलं.

आधी त्यांनी अंतर मोजलं. रहाटापासून होडीपर्यंत बावीस पावलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बावीस. रहाटाला वेढे द्यायला दोन पावलं धरून चोवीस. तेवढ्या लांबीच्या सुतळ्यांचे तीन जुडगे त्यांनी ताणले. एका टोकाला तीन दांडे, एकेका दांड्यावर एकेक कुटुंब. दुसरं टोक जमिनीवर सरकणाऱ्या एका लाकडी पाटाला बांधलं. दोर ताठ राहावा म्हणून पाटावर वजन हवं होतं. किती, ते त्यांनी वाचून दाखवलं. “साधारण एका भरल्या अंगाच्या माणसाइतकं.”

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

“भावजी, मी पाहुणा आहे हो!”

“नुसतं बसायचंय,” बहीण म्हणाली. “आठ दिवस माझ्याकडे दुसरं काय करतोयस?”

मेहुणा बसला. दांडे फिरू लागले. “उजवीकडे! सगळ्यांनी उजवीकडे!” ग्रंथपाल सांगत होते, पण मधल्या दांड्यावरच्या आजीबाई डावीकडे फिरवत होत्या. सगळा पीळ उलगडावा लागला. दुसऱ्यांदा एका वडिलांना फोन आला आणि त्यांचा पेड सैल पडला. तिसऱ्यांदा सुतळी सटकली. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याचीही जे आधी आपणच माफी मागत, ते ग्रंथपाल दर वेळी फक्त “पुन्हा” म्हणाले.

चौथ्यांदा पीळ बसू लागला. तिन्ही पेडांच्या मध्ये खाचांचा लाकडी भोवरा धरून ग्रंथपाल एकेक पाऊल चालत होते आणि त्यांच्या मागे खरोखरचा दोर तयार होत होता.

“भावजी, मी सरकतोय!”

“सरकू दे.”

थोड्या वेळानं, “भावजी, मी बराच पुढं आलोय!”

“हलू नकोस.”

मेहुणा जाळी विणण्याच्या मांडवापाशी बसला होता, तो आता शंखशिंपल्यांच्या मांडवापुढून चालला होता. लोक त्याला हात करत होते.

दोर झाला. बायकोनं तो दोन्ही हातांनी खेचून पाहिला. “घट्ट झालाय हो,” ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. ग्रंथपाल स्टुलावर टेकले. तळटिपा प्रकरण संपल्यावर सगळ्या एकदम वाचायच्या, ही त्यांची जन्मभराची शिस्त. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्याच टिपेत लिहिलं होतं की पीळ बसताना दोर सुमारे एक तृतीयांश आटतो.

ते उठले आणि त्यांनी दोर पावलांनी मोजला. सोळा.

“मी काय बोंबलत होतो मग?” मेहुणा म्हणाला.

पाचला दहा कमी होते आणि सुतळी संपली होती. तांडेल मऊ आवाजात म्हणाला, “काका, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे नायलॉनचा आहे.”

“नाही,” ग्रंथपाल म्हणाले. “यांनी वळलेल्या दोरानंच ओढायची. दोर होडीपर्यंत पोचत नाही ना? मग होडी इकडे आणा. आठ पावलं.”

माणसं होडीला भिडली. पण शेजारच्या मांडवातल्या कुटुंबांनी होडीखालच्या ओंडक्यांना दिवसभर हौसेनं वंगण चोपडलं होतं. “सहा... सात... आठ, बस!” ग्रंथपाल ओरडले. होडी बसली नाही. ती बारा झाली, अठरा झाली आणि अलगद येऊन रहाटाला नाक टेकून उभी राहिली.

“होडी आलेली आहे!” कर्णा गरजला. टाळ्या पडल्या. लोक पिशव्या उचलू लागले.

“झालं की काम,” तांडेल म्हणाला.

ग्रंथपाल खांद्यावर दोर घेऊन उभे होते. वाचनालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय नसते. त्यांनी घसा खाकरला.

“मागे न्या.”

“काय?”

“होडी मागे न्या! चौदा पावलं!”

आजीबाईंनी पदर खोचला. “सकाळपासून दांडा फिरवलाय मी, तो काय फुकट? चला रे!”

होडी चौदा पावलं मागे गेली. तांडेलानं दोराची गाठ मारली, दोर रहाटाला वेढला आणि तिन्ही कुटुंबं रहाटाला लागली. दोर करकरला. एक सुतळी फट्‌कन तुटली. मेहुण्यानं डोळे मिटले. दुसरी तुटली नाही. होडी हलली आणि सावकाश, एकेक पाऊल करत, पुन्हा रहाटाशी आली.

बायको जवळ आली आणि ग्रंथपालांच्या केसांतला सुतळीचा भुसा वेचू लागली.

“अहो, पण होडी आधीच आली होती की!”

“आधी नुसती आली होती,” ग्रंथपाल म्हणाले. “आता दोरानं आली.”