कानाशी धरलेलं पान

सत्तरी उलटल्यावर बाबगोंडांनी कानाला यंत्र लावायचं ठरवलं, ते काही माणसांचं बोलणं ऐकू यावं म्हणून नव्हे. (पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ते पुष्कळ ऐकून झालं होतं.) त्यांना तंबाखूचं पान ऐकायचं होतं.

वाळत घातलेलं पान कानाशी धरून बोटांत हळूच चोळायचं, त्याचा आवाज ऐकायचा आणि सांगायचं, भरा किंवा थांबा. ओली तंबाखू बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरली तर कुजते, फार वाळली तर भुगा होतो. निपाणीच्या आसपास बाबगोंडांच्या कानाला मोठा मान होता. पण कान मंदावले आणि त्यांना प्रत्येक पान मुकं वाटू लागलं. गुडघ्यांमुळे शेतात जाणं सुटलंच होतं, आता घरातला आपला शब्दही जातो की काय, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागेना.

म्हणून १९७९च्या माघात ते बायकोला, पद्मावतीबाईंना, घेऊन बेळगावला गेले आणि यंत्र घेऊन आले. सदऱ्याच्या खिशात मावणारी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसणारं बोंड. ते कसं वापरायचं हे डॉक्टरांनी पाऊण तास समजावून सांगितलं. (यंत्र चढवण्यापूर्वी. त्यामुळे ते सगळं पद्मावतीबाईंनीच ऐकलं.)

दुसऱ्या दिवशी बाबगोंडा अंगणात बाजेवर बसले. बटण फिरवताच कानात सळसळ सुरू झाली.

"चिंचंला लई वारा सुटलाय गं," ते म्हणाले.

चिंचेचं पानही हलत नव्हतं. त्यांचाच सदरा डबीवर घासत होता. पण त्यांनी डोळे मिटून घेतले. ऊन कोवळं होतं, तंबाखूचा उग्र वास अंगणभर पसरला होता, आणि आपण पंचविशीतले होऊन कमरेइतक्या हिरव्या तंबाखूतून चाललोय असं त्यांना वाटत होतं. फार सुखाचा तास गेला तो.

मग त्यांचा मुलगा चंद्रप्पा शेतातला थोडा माल अंगणात टाकून गेला. बाबगोंडांनी पान उचललं, बोंड बसवलेल्या कानाशी नेलं, चोळलं. काही नाही. दुसरं चोळलं. काही नाही.

"ओली हाय. थांबा."

"व्हय आप्पा," चंद्रप्पा ओरडून म्हणाला.

तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी चोळलेल्या पानाचा चुरा कानावरून ओघळला आणि थेट खिशात पडला. कानात असा कडकडाट झाला की बाबगोंडा बाजेवरून उठलेच. त्यांनी पान खिशाजवळ नेऊन चोळलं. काय तो खणखणीत आवाज! ऐकणारा भाग डबीत आहे आणि आपण तीन दिवस नुसत्या बोंडाला पानं ऐकवतोय, हे त्यांना तेव्हा उमगलं.

"वाळलीया!" ते आनंदानं ओरडले. "चंद्रप्पा, आजच बोद भरा!"

चंद्रप्पा समोरच उभा होता. आप्पांना काही ऐकू येत नाही, या जुन्या सवयीनं तो आईला म्हणाला, "आता काय सांगू गं ह्यास्नी? बोद परवाच भरून गेलं. ह्यो ढीग निस्ता त्येंच्या समाधानासाटनं. सा वरसं झाली, आमी आमचंच ठरवतोय."

बाबगोंडांनी शब्द न शब्द ऐकला. त्यांना फार वाईट वाटलं. पण पोराला ओशाळं करायचं कशाला?

"आँ? काय म्हणतोय त्यो?" त्यांनी भाबडा चेहरा करून विचारलं.

चंद्रप्पानं सुटकेचा निःश्वास सोडला. पद्मावतीबाई मात्र जवळ आल्या, खिशाशी वाकल्या आणि अगदी हळू कुजबुजल्या, "मग डोळ्यात पानी कशापायी आलं?"

"तंबाकूचा चुरा गेला गं," बाबगोंडांनी झटक्यात उत्तर दिलं.