दी एंड भिया आणि शेवटचं रीळ

आमच्या छत्रीबागेतल्या गल्लीत कुणी सिनेमाला निघालं, की आधी दिनकर भियांच्या ओट्याकडे चोरून बघतं. ओटा रिकामा असला तर झपझप सटकायचं. नसला, तर सिनेमाचा शेवट ऐकूनच पुढे जायचं.

"कौनसा पिक्चर?" भिया विचारतात. (आमच्याकडे दादा, भाऊ, सगळ्यांना 'भिया'च म्हणतात.) आपण भोळेपणाने नाव सांगतो. ते क्षणभर डोळे मिटतात. "धाकटा भाऊ मरतो. खुनी वकीलच आहे. जा आता, आराम से बघ."

गंमत म्हणजे यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नसतो. नावावरून आणि पोस्टरवरून ते शेवट काढतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. म्हणून गल्लीने त्यांचं नाव 'दी एंड भिया' ठेवलंय. भांडायला गेलात तर एकच उत्तर: "बिना एंडचा माणूस घरी नाही गेला पाहिजे, भिया. आधे पेट झोप येते का?"

एकदा बायकोला घेऊन मी रहस्यपटाला निघालो, तेव्हा भियांनी मला खुनी सांगून टाकलाच. मी ते लपवलं आणि मध्यंतरात, खूप विचार केल्यासारखा चेहरा करून खुनी ओळखला. "कान लाल झालेत तुमचे," बायको समोशातून मान वर न करता म्हणाली. खोटं बोललो की माझे कान लाल होतात. लग्नाआधी हे फक्त आईला माहीत होतं, आता गल्लीला माहीत आहे. पत्ते खेळताना तर भिया माझ्या कानांकडे बघूनच पानं टाकतात. "सिग्नल लागला याचा!"

भियांची नोकरी सारी सांवेर रोडच्या कारखान्यात गेली, पण ते स्वतःला 'फिल्म लाइनीतला' म्हणवतात. तरुणपणी दीडेक वर्षं ते सायकलवरून रिळांचे डबे वाहायचे. तेव्हा एकच प्रिंट दोन टॉकिजांत चालायची. एकीकडे रीळ संपलं की डबा कॅरिअरला बांधून दुसरीकडे पळवायचा. त्यामुळे भियांनी सिनेमे पाहिले ते तुकड्यातुकड्यांनी, मशीनच्या खोलीतल्या भोकातून, घाम पुसत.

त्यातला त्यांचा जीव की प्राण सिनेमा म्हणजे 'नीलमगढ़ का नकाबपोश'. पाळण्यातून चोरीला गेलेला राजकुमार, उडता घोडा, कापसाच्या दाढीचा राक्षस आणि दुःखी राणीला संकटातून सोडवणारा एक नकाबपोश. याचा शेवट सांगताना मात्र भियांचा आवाज उतरायचा. "नकाब काढतो. राणी बघते. भुवईवर जखमेची खूण. आणि मग ती त्याला पोटाशी धरते. बस, दी एंड."

गेल्या महिन्यात आमच्या लेकीला, रेवाला, हा सिनेमा मोबाइलवर अख्खा सापडला. मी लगेच कार्यक्रम ठरवला. रविवारी दुपारी टीव्हीवर नकाबपोश आणि सोबत भुट्ट्याचा कीस. भिया इस्त्रीचा शर्ट घालून आले.

सिनेमाभर त्यांची सायकल चालूच होती. "हा घोडा उडाला ना, तेव्हा मी कृष्णपुऱ्याच्या पुलावर." राक्षस मेला, तर म्हणे, "इथे कुत्रं मागे लागलं होतं माझ्या." रेवा हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

शेवटी राणी नकाबपोशासमोर उभी राहिली. त्याचा हात नकाबाच्या गाठीकडे गेला आणि भिया उठले.

"चलता हूँ."

"भिया! पाच मिनिटं उरलीत!"

"तुम्ही बघा." आणि चपलाही न घालता ते बाहेर पडले. रेवाने सिनेमा थांबवला. मी चपला घेऊन मागे गेलो. भिया स्वतःच्या ओट्यावर बसले होते.

"वसंता माझा मोठा भाऊ," ते म्हणाले. "वडलांशी भांडून घरातून गेला. परत नाही आला. आई कुठे जायची नाही मग. पण या पिक्चरमध्ये हरवलेला मुलगा आहे असं ऐकलं आणि म्हणाली, दिनू, मला ने. पहिलाच दिवस होता. नेलं."

"मग?"

"मग शेवटचं रीळ घेऊन येताना चेन तुटली. सायकल हातात धरून पळालो रे. पोचलो, तर पब्लिक शिव्या देऊन गेलेली, पुढच्या खेळाची लाइन लागलेली. आई एकटी बसून होती. म्हणाली, तो तोंड झाकलेला तिचाच मुलगा ना रे? मी तरी शेवट कुठे पाहिला होता? पण म्हटलं, हो आई. म्हणाली, तिने कशावरून ओळखलं? मी म्हटलं, भुवईवरच्या खुणेवरून."

वसंताच्या भुवईवर खूण होती, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"खुश झाली. म्हणाली, मीही ओळखेन. शेवटपर्यंत म्हणायची." भियांनी चपला पायात सरकवल्या. "त्यानंतर शेवटचा डबा पोचवला की मी बाहेर चहाला जायचो. अपने को नाही बघायचं."

घरी येऊन मी उरलेली पाच मिनिटं पाहिली. नकाबपोश राजकुमार नव्हताच. तो राजकुमाराचा मित्र होता. राजकुमार जंगलात लहानपणीच वारला होता आणि ती बातमी सांगायचं धाडस होईना, म्हणून तोंड झाकून हा राणीची राखण करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या पोह्याच्या गाडीपाशी भिया भेटले. बराच वेळ शेव, लिंबू, वरून जिरावण मसाला असं चाललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहिलंस?"

इतक्या वर्षांत या माणसाने कुणाला शेवट विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"पाहिलं ना."

"मग?"

"नकाब काढतो. राणी ओळखते."

"कशावरून?"

"भुवईवरच्या खुणेवरून," मी म्हणालो.

कान असे तापले, की पोहेवाल्यानेही मान वर करून पाहिलं. भियांनी मात्र पाहिलं नाही. माझ्या प्लेटमध्ये त्यांनी आपल्या हाताने मूठभर शेव घातली आणि म्हणाले, "खा. ठंडे हो रहे हैं."