कॉलर आणि कमान

कॉलर निसर्गतः वर जाऊ पाहते आणि समाज तिला खाली बसवू पाहतो. या ओढाताणीलाच संस्कृती म्हणतात. जिथे कॉलरी खाली बसलेल्या असतात तिथे जिने स्वच्छ असतात, आगगाड्या वेळेवर सुटतात आणि कोणी कोणाला तोंडावर काही बोलत नाही. डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्ग गावी रिब्सहावेन नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथे हे सगळे होते. (आगगाड्यांशी संस्थेचा संबंध नव्हता, पण वार्षिक अहवालात समाधान व्यक्त केले जाई.) अशा या संस्थेत एका हिवाळ्याच्या तोंडावर पुरुषांच्या शर्टांच्या कॉलरी वळायला लागल्या. धुऊन वाळल्या की टोके वर. उन्हात विसरलेल्या पापडासारखी.

त्याच सुमारास तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीत नवा ड्रायर बसला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असावा असे कोणीही म्हटले नाही, कारण ड्रायर एकमताने मंजूर झाला होता.

तो निवडला होता संस्थेचे अध्यक्ष प्रेबेन राउनहोल्ट यांनी. प्रेबेन हा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला, सरळ, कष्टाळू आणि शंकेला जागा न ठेवणारा माणूस. त्याने शेजारच्या संस्थांना भेटी दिल्या, विक्रेत्यांना घाम फोडला आणि बाजारातला सर्वांत जोरकस ड्रायर आणला. त्यातून टॉवेल असे निघत की ते भिंतीला टेकवून उभे करता येत. सभासद धन्य झाले.

संस्थेत चोवीस घरे. त्यांपैकी तेवीस घरांत कॉलरी वळल्या आणि तेवीसही घरांनी तो आपला खाजगी दोष मानला. कोणी खळ वाढवली, कोणी कमी केली. कोणी टोकांना कपड्यांचे चिमटे लावून बसले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थाने कॉलर गादीखाली ठेवून तिच्यावर झोपण्याचा प्रयोग केला. (कॉलर सरळ झाली, मान वळली.) हिवाळाभर शर्टावर लोकरीचे स्वेटर होते, तोवर निभावले. एप्रिलमध्ये स्वेटर उतरले आणि अंगणातल्या पहिल्या कॉफीला सगळ्यांनी सगळ्यांच्या कॉलरी पाहिल्या.

संस्थेला इतके हलके कधी वाटले नव्हते. दुःख सार्वजनिक झाले की त्याला प्रथा म्हणतात. वळलेली कॉलर ही वळलेली नसून कॉलर अशीच असते, हे त्या दुपारी न बोलता ठरले.

आणि तेवढ्यात कॉफीचा कप घेऊन एस्बेर्न मुंक आला. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे राहणारा, भूगोलाचा निवृत्त मास्तर, एकटा. त्याची कॉलर सपाट होती. नुसती सपाट नव्हे, दोन्ही टोके छातीवर अशी बसलेली की जणू तिथेच उगवली असावीत.

"बिशप आले वाटतं कॉफीला," संस्थेची सचिव टोवे हळूच म्हणाली. ती हळू बोलली की अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते.

प्रेबेनला एस्बेर्नबद्दल वैयक्तिक काही नव्हते. पण विचार केल्यावर त्याला दिसले की तेवीस कॉलरी सारख्या आहेत आणि एक वेगळी आहे, म्हणजे बिघाड एका ठिकाणी आहे. वजनमापे खात्यात तरी असेच शिकवले होते. कॉलर समिती नेमली गेली. तिच्या तीन बैठका झाल्या, दोन केक संपले आणि पुढील निष्कर्ष निघाले:

अ) ड्रायर उत्तम आहे.

आ) धुतल्यावर वळणे हा कॉलरीचा गुणधर्म असून त्यात सभासदांचा दोष नाही.

इ) न वळलेली कॉलर वापरण्यास नियमांत मनाई नाही, मात्र ती सामाईक भावनेस धरून आहे काय, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तिसऱ्या मुद्द्यातला 'ज्याने त्याने' मोघम राहू नये म्हणून धुण्याच्या खोलीच्या दारावर नोटीस लागली. कोणाचे नाव चारचौघांत घेणे असभ्य. म्हणून नोटिशीत नाव नव्हते. फक्त 'तिसरा मजला, डावीकडे' एवढेच होते. खाली 'स्नेहपूर्वक' लिहून प्रेबेनने सही केली. त्या दिवशी त्याला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने, गुद्रुनने, त्याच्यासमोर लापशीचे भांडे ठेवले आणि विचारले, "चौदा मे लक्षात आहे ना?"

प्रेबेनच्या लक्षात होते. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती.

"आणि कमानीचा सांगाडा कुणाच्या कोठडीत असतो, तेही लक्षात असेल, अध्यक्षमहाराज?"

इथे कमानीविषयी सांगणे भाग आहे. लग्नाच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी पहाटे शेजारी येऊन जोडप्याच्या दाराला स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांची कमान बांधतात, कागदी गुलाब खोवतात आणि गाणे म्हणून नवराबायकोला उठवतात. ती दोघे झोपेतल्या कपड्यांवर काहीतरी चढवून दार उघडतात आणि थक्क होतात. कमान मागायची नसते. तिची चौकशी करायची नसते. तिच्याबद्दल काही माहीतच नसायचे असते. फक्त न मागता, न विचारता, काही माहीत नसताना, पन्नासेक माणसांची न्याहारी आणि कडू दारू पहाटेच तयार ठेवायची असते. आणि कमान आली नाही, तर? दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याच्या रौप्यमहोत्सवाला ती आली नव्हती. ते आता खाडीपलीकडे, दूर यूलंडात राहतात.

"सांगाडा संस्थेच्या मालकीचा आहे," प्रेबेन म्हणाला.

"मालकी संस्थेची, किल्ली एस्बेर्नची. फांद्या आणायला गाडीमागची ट्रॉलीसुद्धा त्याचीच. आणि त्याच्या नावानं तू मजला नि बाजू लिहून दाराला चिकटवलंस."

"नाव नव्हतं घातलं."

"हो, ते एक बरं केलंस. पोस्टमननेसुद्धा मला विचारलं, एस्बेर्नचं काय झालं म्हणून." तिने त्याच्या गळ्याकडे पाहिले. "आणि दुसरं. फोटोत तुझी कॉलर ही अशी दिसली, तर मी कमानीखाली एकटी उभी राहीन. पन्नास वर्षं मी एकटीनंच काढली असं तरी दिसेल. खोटं काय त्यात?"

प्रेबेन विचारात पडला. कमानीसाठी एस्बेर्नकडे जाता येत नव्हते, कारण ते मागणे झाले असते. नोटीस काढून टाकता येत नव्हती, कारण ती समितीची होती आणि समिती एकमताची. माफी मागायची, तर नोटिशीत नावच नव्हते. ज्याचे नाव घेतले नाही त्याची माफी कशी मागणार? राहता राहिली कॉलर. कॉलरीचा सल्ला विचारायला एक शेजारी दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. मात्र कोणी पाहता कामा नये.

तो दुपारी निघाला, जेव्हा सगळी संस्था जेवून लवंडलेली असते. काखेत पिशवी, पिशवीत ओला शर्ट. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टोवे वरून उतरताना भेटली. तिच्याही काखेत पिशवी होती. दोघे हवामानावर समाधानकारक बोलले आणि आपापल्या दिशेने गेले.

एस्बेर्नने दार उघडले. प्रेबेनने जिन्यात पाठ केलेले वाक्य म्हटले, "मी कमानीबद्दल आलेलो नाही."

"कसली कमान?" एस्बेर्न म्हणाला.

हे उत्तर अगदी रीतीला धरून होते. कमान बांधायची असती, तरी एस्बेर्न हेच म्हणाला असता. बांधायची नसती, तरीही हेच. प्रेबेनने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. पण भूगोलाच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांत काही उमटलेले नसते.

मग प्रेबेनने पिशवीतून शर्ट काढला. एस्बेर्नने तो हातात घेतला, कॉलर उलटसुलट पाहिली आणि वर्गात सुरू व्हावे तसा सुरू झाला. आतले बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे जाड कापड, आणि वरचे कापड एकाच तापात सारखे आटत नाही. एक आटते, दुसरे वळते.

"माणसांचंही तसंच—"

"माणसांचं राहू दे," प्रेबेन म्हणाला.

तर कृती अशी. टोकांतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढायच्या. वरचे बटण लावून शर्ट कोमट पाण्यात धुवायचा. ड्रायरचे नाव काढायचे नाही. (इथे एस्बेर्न खोकला. प्रेबेनही खोकला.) कॉलर ओली असतानाच टोके धरून हलकेच ताणायची, फळीवर सपाट मांडायची आणि तिच्यावर घरातली सर्वांत जड वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवायची. म्हणजे अर्थातच राय धान्याचा काळा पाव. थोडी ओल असतानाच इस्त्री करायची, आधी आतल्या बाजूने, आणि नेहमी टोकांकडून मध्याकडे.

"किनाऱ्याकडून आत," एस्बेर्न म्हणाला. "लोक मधून टोकाकडे जातात. मग सगळा फुगवटा टोकाला जाऊन बसतो आणि नावं कॉलरला ठेवतात."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर सातआठ काळे पाव ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली एकेक फळी आणि काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचे. एकट्या माणसाला इतका पाव लागतो, याची प्रेबेनने मनात नोंद केली. पण शेजाऱ्याच्या खाण्यावर बोलू नये. निघताना त्याला वाटले, आत्ता काहीतरी म्हणावे. तो उंबऱ्यात थांबला.

"ती नोटीस..." तो म्हणाला.

"अक्षर चांगलं होतं," एस्बेर्न म्हणाला आणि दार लागले.

शर्ट उत्तम झाला. गुद्रुनने तो खिडकीत धरून पाहिला आणि पन्नास वर्षांत बहुधा दुसऱ्यांदा नवऱ्याला शाबासकी दिली. पण प्रेबेनने तो तिच्या हातून काढून घेतला. ही कॉलर घालून दारात उभे राहायचे म्हणजे ड्रायरने हे केले होते, असे तेवीस घरांसमोर छातीवर लिहून उभे राहायचे. शेवटी त्याने कपाटातला लोकरी मफलर काढून शर्टाशेजारी ठेवला.

चौदा मेच्या पहाटे दोघे बिछान्यात कपडे घालून पडून होती. टेबलावर पाव, लोणी, चीज, कॉफी आणि कडू दारू, सगळे कोणाला काही माहीत नसल्यासारखे मांडलेले. एरवी अशा पहाटे दाराबाहेर शिडी आपटते, कोणीतरी खिळा पाडतो, कोणीतरी 'श्शू' करते. आज काही नव्हते.

"ऐकू येतंय का काही?" प्रेबेनने विचारले.

"फक्त तुझं पोट."

उजाडले. गाण्याची वेळ झाली आणि टळली. प्रेबेनच्या डोळ्यांसमोर यूलंड आले: सपाट, वारा खाणारे, ओळखीचे कोणी नसलेले. तो म्हणाला, "गुद्रुन, पन्नास माणसांचा पाव आपण दोघांनी खायचा म्हटला तर..." गुद्रुनने त्याच्या हातावर हात ठेवला. तिने टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागले.

तेवढ्यात बाहेर एक घसा साफ झाला आणि गाणे सुरू झाले.

दार उघडले तर कमान होती. जाड, हिरवी, वर गुलाबांत पन्नासचा आकडा. प्रेबेनने आठवडाभर आरशासमोर थक्क होण्याचा सराव केला होता, पण प्रत्यक्षात तो खराच थक्क झाला आणि सगळे बिघडले. (गुद्रुनचे मत असे की रौप्यमहोत्सवाला त्याने जास्त चांगले केले होते.) डोळे पुसून त्याने समोर पाहिले. जिन्यात सगळी संस्था उभी होती. मे महिन्याच्या स्वच्छ उन्हात प्रत्येक पुरुषाच्या गळ्यात मफलर.

सगळे आत आले. कॉफी गरम, खोली गरम, माणसे दाटीवाटीने. मफलर कोणी काढेना. घशाची साथ आहे, असे एक जण म्हणाला. बाकीच्यांनी घसा धरून दुजोरा दिला. टोवेच्या नवऱ्याच्या कपाळावरून घाम लोण्यात पडला. तो वाकला तेव्हा त्याच्या मफलरखालून एक पट्ट्यापट्ट्यांचे टोक दिसले: सपाट, छातीवर उगवल्यासारखे. त्याने ते चटकन आत सारले. प्रेबेनला ओट्यावरचे पाव आठवले आणि संस्थेत खरोखरच कोणाला किती भूक होती ते कळले.

शेवटी शिडी ठेवून एस्बेर्न आला. त्याच्या गळ्यात मफलर नव्हता. त्याची कॉलर दोन्ही बाजूंनी वर वळली होती, अशी की टोके कानाशी काही बोलत असावीत.



"फांद्या बांधायला उशीर झाला," एस्बेर्न म्हणाला. "हा शर्ट ड्रायरमध्ये होता. दोनदा फिरवला. म्हटलं, आजच्या दिवशी तरी सामाईक भावनेला धरून यावं."

तेवीस सपाट कॉलरी मफलरांच्या आतून त्याच्याकडे पाहत राहिल्या. प्रेबेनचा हात मफलरकडे गेला. गुद्रुनने ते पाहिले आणि कॉफीची किटली खाली ठेवली. आत्ताच, तिचे डोळे म्हणत होते. सगळ्यांचे हात आपापल्या गाठीपर्यंत पोहोचले होते. एकाने सोडली असती तर सगळ्यांनी सोडली असती. ती पहिली गाठ अर्थात अध्यक्षांनी सोडायची होती.

"कॉफी घे, एस्बेर्न," प्रेबेन म्हणाला आणि गाठ नीट आवळली.

खोलीने श्वास सोडला. टोवे एस्बेर्नच्या जवळ गेली आणि मायेने म्हणाली, "होतं असं कधीकधी. वाईट वाटून घेऊ नकोस. इस्त्री करताना ना, टोकांकडून मध्याकडे करत जा."

फोटो निघाला. तो अजून राउनहोल्टांच्या बैठकीत आहे: हिरवी कमान, मफलरवाल्यांची फळी, आणि कडेला एक वळलेली कॉलर. "पन्नास वर्षांनी याची कॉलर एकदाची सरळ झाली," गुद्रुन पाहुण्यांना सांगते, "आणि ती त्यानं झाकून ठेवली."

जूनच्या सभेत कॉलर समितीने आपले काम संपल्याचे कळवले. आता तक्रार फक्त एकाच घरापुरती, तिसऱ्या मजल्यावर डावीकडे, उरली असून त्या सभासदाला शेजारी मार्गदर्शन करीत आहेत, असे नमूद झाले. ड्रायरच्या यशाबद्दल अभिनंदनाचा ठराव आला आणि त्याच बनावटीचा दुसरा ड्रायर घेण्याचे ठरले. एकमताने. हात एस्बेर्ननेही वर केला. कमानीचा सांगाडा त्याच्याकडेच ठेवावा, अशी सूचना प्रेबेनने स्वतः मांडली आणि त्यात त्याला मोठे मन दिसले.

वाचकांना हे सगळे फार दूरचे वाटेल. ती थंड देशातली माणसे, पोटातले ओठावर न आणणारी. आपल्या सोसायटीत असे चालत नाही. आपण तोंडावर बोलतो. तरीपण वाचता वाचता आपल्याला आपल्या इमारतीतला एक माणूस आठवलाच असेल, मजल्यासकट आणि बाजूसकट. तोही आत्ता हेच वाचतो आहे आणि त्यालाही एक जण आठवला आहे. मजला तोच. बाजू तेवढी समोरची.