थोरल्या महाराजांच्या पिस्तुलाची मूठ धाकट्या सरकारांचे हाती कैसी बसली त्याची हकीकत

श्रीशस्त्रदेवता प्रसन्न असो. ऐकणारांनी सावध असावे, कारण की लिहिणार फारसा सावध नाही. शके सतराशे अकरा, सौम्यनाम संवत्सर, ते साली हे वर्तमान घडले. दुसरे यादीत सतराशे बारा, साधारणनाम, ऐसे आढळते. दोन्ही याद्या माझेच हातच्या आहेत, सबब वाद कोणाशी घालावा कळत नाही. राज्य कोणते ते लिहीत नाही. लहान होते, डोंगरात होते, आणि तेथे कारकुनाचे आसन आम्हांकडे होते, इतके पुरे.

त्या राज्यी थोरले महाराज म्हणोन मूळपुरुष होऊन गेले. त्यांचे चकमकीचे पिस्तूल, शिसवी मुठीचे, चांदीची फुले जडविलेले, देवघरात मखमलीवर ठेविलेले असे, आणि नित्य त्यास गंध-फूल होत असे. आणि चाल ऐसी होती की, दसरियाचे दिवशी शमीपूजन जाहलियावर गादीचे धन्याने ते पिस्तूल खासा हाती घ्यावे आणि चिंचेस टांगिलेला कोहळा एके गोळीने फोडावा. कोहळा फुटला म्हणजे वर्ष चांगले आणि धनीही खरा. आजवर चारही धन्यांनी फोडिला, ऐसे सर्व सांगतात. मग चौथे धनी निपुत्रिक वारले, आणि त्यांच्या राणी दर्याबाईसाहेब, ज्यांस आम्ही आईसाहेब म्हणत असू, त्यांनी दूरचे नात्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव जयसिंगराव ठेविले. जयसिंगराव लहान होते तोवर दसरियाची गोळी दिवाण रखमाजीपंत घालीत असत, आणि त्यांचा नेम चुकला तरी दिवाणाचा चुकला म्हणोन कोणी मनावर घेत नसे. परंतु या साली सरकार उमरीस आले आणि गोळी त्यांनीच घालावी ऐसे ठरले.

आता घोळ येथून सुरू होतो. वारलेल्या धन्यांचे चुलतभाऊ निंबाजीराव म्हणोन होते. अंगाने थोर, आवाजाने त्याहून थोर. गादी आपणांस मिळावयाची होती ऐसे त्यांचे म्हणणे, आणि ते भर दरबारात बोलले की, "थोरल्या महाराजांची मूठ आहे ती. ती रक्त ओळखते. आमच्या रक्ताचा असेल त्याच्याच हाती बसेल. न बसली, तर गादीवर कोण बसला आहे ते मग आम्हांस विचारू नका." हे ऐकोन दिवाण काही उत्तर करावयाचे सोडून म्हणाले, "रास्त आहे. दसरियास पाहू." का म्हणाले, ते त्यांसही पुढे सांगता येईना. परंतु बोलून गेले ते गेले, आणि गादीचा निकाल एका लाकडी मुठीवर येऊन बसला.

मग दिवाणांनी तबेल्यामागे भिंतीपाशी गुपचूप सराव करविला. सरकारांनी पिस्तूल हाती घेतले. मूठ जाड, हात लहान. तळवा मुठीभोवती पुरता वळेना, बोट चापापर्यंत पोचेना. ओढून ओढून पोचविले तर नखाचा शेंडा तेवढा चापावर यावा, आणि बोटाने चाप मागे ओढण्याऐवजी पिस्तुलालाच डावीकडे लोटावे. पहिली गोळी डावीकडे गेली. दुसरी त्याहून डावीकडे जाऊन घोड्यांचे पाण्याचे रांजणात शिरली. तिसरे वेळी धक्क्याने पिस्तूल हातातून उसळले आणि अंगठा व तर्जनी यांमधले बेचके सोलून निघाले. सरकारांनी हात पाठीमागे लपविला आणि म्हणाले, "माझाच हात वाईट आहे, पंत." हे ऐकोन मला फार वाईट वाटले. मी मान खाली घालून कागदावर उगाच रेघा ओढिल्या.

मग मसलत बसली. पंधरा दिवस बसली आणि कोण कोणत्या पक्षाचा हे तिसरे दिवशीच कळेनासे जाहले. एक पक्ष म्हणे मूठ तासावी. शास्त्रीबोवा म्हणाले, "तीस नित्य पूजा होते. तीवर पटाशी लावणे म्हणजे देवाचे नाक तासणे." मग मूठ तासू नये ऐसे ठरले, आणि मूठ बदलत नाही तर हात बदलावा ऐसे ओघानेच आले. वैद्यराजांनी अकरा दिवस तिळाचे तेल लावून बोटे ओढिली आणि बोटे अर्धे यव वाढली ऐसे दरबारात सांगितले. मोजिली कशाने, ऐसे आईसाहेबांनी विचारिले. ते म्हणाले, "अदमासाने." कारण की त्या राज्यी दुसरी चाल ऐसी होती की, गादीचे धन्याचे अंगास मोजण्याचे सूत लावू नये. सूत लावून मोजतात ते मेलेल्या माणसास. शिंपीदेखील अंगरखा लांबून पाहोन शिवी, आणि म्हणोनच आमचे सर्व धनी चित्रांत ढगळ दिसतात. तर सरकारांचा हात केवढा, हे दत्तक आल्यापासून आठ वर्षांत कोणासच ठाऊक नव्हते. शेवटी दिवाण म्हणाले, "हात लहान पडतो ना? मग मुठीस रेशीम गुंडाळावे, म्हणजे हात भरेल." यावर सर्वांनी मान हलविली, मीही हलविली, आणि रेशीम गुंडाळिले, आणि मूठ अधिकच जाड जाहली. त्यात लबाडी कोणाची नव्हती. खरोखरच कोणास काही सुचत नव्हते.

दसरा पाच दिवसांवर आला. मग आईसाहेबांनी कोणास न विचारता शिकलगारास बोलाविले. दस्तगीर शिकलगार म्हणोन म्हातारा होता. राज्याची तलवार, भाला, बंदूक जे काही असेल त्याची धार आणि दुरुस्ती चार पिढ्या त्याच्याच घरी. दुपारचे जेवण होऊन वाडा निजला असता आईसाहेब, सरकार आणि तो, ऐसे देवघराचे ओटीवर बसले. आणि शस्त्र देवघरातून हलले तर यादीत लिहावे लागते म्हणोन मीही तेथे होतो. दस्तगीराने पिस्तुलाकडे पाहिलेच नाही. तो म्हणाला, "सरकार, हात द्या जरा."

सरकार चपापले. म्हणाले, "सूत लावता येत नाही, बाबा."

"सूत कशाला लागतंय? हात बघायला हातच पुरं हाय."

आणि त्याने सरकारांचा हात आपले दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, सोललेले बेचके पाहिले, बोटे एकेक दुमडून पाहिली. गादीवर आल्यापासून कोणी त्या मुलाचा हात ऐसा धरिला नव्हता. नमस्कार करणारे पुष्कळ होते, हात धरणारा नव्हता. वैद्यानेदेखील मध्ये रुमाल घालूनच बोटे ओढिली होती. सरकारांचे डोळे भरून आले, आणि आईसाहेबांनी तोंड फिरविले. मग दस्तगीर म्हणाला, "आईसाब, कणीक हाय का मळलेली? घट्ट पायजे." आईसाहेब स्वतः उठल्या आणि मुदपाकातून घट्ट कणकेचा गोळा घेऊन आल्या. दस्तगीराने त्याची कांडी वळून सरकारांचे हाती दिली आणि म्हणाला, "दाबा. जोर नगं. वासराचं दावं धरत्यात तेवढंच. न्हाई, अंगठा वर घ्या. बेचकं पार वर बसू द्या, तितनं फट दिसली की धक्का हाताला लागतो. आता चापाचं बोट मोकळं सोडा. हां. करंगळी लोंबतीया, ती आत घ्या." सरकारांनी दाबिले. हात काढला तो कणकेत त्यांची मूठ जैशी होती तैशी उमटली होती. लहानशी, गोलसर, करंगळीपाशी किंचित वाकडी. दस्तगीर ती पाहोन म्हणाला, "हात झ्याक हाय की! कोण म्हनलं वाईट हाय?"

मग त्याने पिस्तूल घेतले. शास्त्रीबोवांचे बोलणे मला आठवले आणि मी हात जोडिले, परंतु तो थांबला नाही. मुठीचा खिळा काढिला आणि शिसवीची दोन्ही गालफडे अलग करून ठेविली. आतील लोखंडी पट्टीवर काही खुणा होत्या. दस्तगीराने पटक्याच्या पदराने पुसून त्या उजेडास धरिल्या आणि एकाएकी हसू लागला. आईसाहेबांनी विचारिले, "काय झाले?" तो म्हणाला, "ही तीन टिंबं आन् रेघ, ही माझ्या बाची खूण. त्याच्या वरची चांदणी, ती आज्याची. त्याच्या वर पणज्याची. नवी मूठ चढिवली की आमच्यात खूण करायची रीत हाय." सरकारांस समज पडेना. म्हणाले, "नवी मूठ? ही थोरल्या महाराजांची मूठ ना?"

"न्हाई जी. त्यांची कवाच गेली. परतेक धन्याला येगळी मूठ केलीया. ह्यो चौथ्या म्हाराजांचा हात हाय, माझ्या बानं केलेला. फुलं तेवढी जुनी, ती काढून परत बशिवत्यात."

मी यादीत काय लिहावे ते न समजून लेखणी खाली ठेविली. मग आईसाहेब म्हणाल्या, "मला तर स्वारींनी सांगितले होते की पहिल्याच दिवशी बसली. मी तेव्हा नवी होते. किती अभिमान वाटला होता मला!" आणि ऐसे म्हणत त्या हसल्या आणि हसता हसताच पदर डोळियांस लाविला. म्हणजे तीन धन्यांनी तीन वेळा मूठ बदलविली, आणि प्रत्येकास वाटले की ही लबाडी आपणच केली, आणि प्रत्येकाने लाजेने तोंड मिटले. आणि ज्यास कोणी सांगितले नाही तो मुलगा आपले हातास दोष देत बसला. सरकारांनी आपला हात उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "बाबा, माझी मूठ करा."

चार दिवसांत दस्तगीराने कणकेवरून शिसवीची मूठ कोरिली, तूप आणि काजळी चोळून जुनी केली, चांदीची फुले बसविली आणि पट्टीवर आपली खूण केली. सरकारांनी हाती घेतली. बेचके वर बसले, तळव्यात कोठे पोकळी राहिली नाही, करंगळीस जागा मिळाली आणि बोटाचे पहिले पेर आपोआप चापावर आले. सरकार ते पिस्तूल घेऊन दोन वेळा ओटीभर फिरले आणि मग लहान मुलासारखे हसले.

दसरियाचे दिवशी सारा गाव चिंचेखाली जमला. निंबाजीराव अग्रभागी उभे होते. दस्तगीराने सर्वांदेखत दारू ठासली, गोळी घातली. सरकारांनी हात लांब केला, श्वास सोडिला आणि चाप ओढिला, आणि कोहळा फुटून बिया शास्त्रीबोवांचे उपरण्यावर पडल्या. नगारा वाजला, लोक ओरडले, दिवाण मटकन खालीच बसले. निंबाजीराव मात्र पुढे आले आणि म्हणाले, "आंधळ्याचीही एखादी लागते. मूठ माझ्या हाती द्या. दुसरा कोहळा टांगा. मूठ रक्त ओळखते की नाही, ते आता सगळ्यांनाच दिसू दे."

दिवाणांनी नको नको म्हणोन खूण केली. परंतु सरकारांनी पिस्तूल पुन्हा भरविले आणि दिले. निंबाजीरावांचा पंजा रुंद, थेट मूळपुरुषाचे चित्रातल्यासारखा. त्यात ती मूठ बुडाली. बोटे एकमेकांवर चढली, चापाचे बोट पलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत गेले. निंबाजीरावांनी एकदा हात सैल केला, पुन्हा धरिला, पुन्हा सैल केला. कपाळास घाम आला. मग रागाने चाप ओढिला तो नळी उजवीकडे फिरली आणि गोळी नगाऱ्यातून आरपार गेली, आणि नगारची टिपऱ्या टाकून पळाला. सर्व लोक निंबाजीरावांकडे पाहू लागले, आणि निंबाजीराव आपले हाताकडे.

सरकार जवळ गेले. हसले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी पिस्तूल काढून घेतले आणि हळू आवाजात, मी जवळ होतो म्हणोन मला ऐकू आले, म्हणाले, "काकासाहेब, हाताला दोष देऊ नका. हात चांगला आहे." निंबाजीरावांस याचा अर्थ कळला नाही. ते घोड्यावर बसले, आणि थेट घरी गेले, आणि तेथे त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री सोने वाटीत बसल्या होत्या त्यांचेसमोर उभे राहोन विचारते जाहले की, "आई, खरे सांग. मी कोणाचा?"

म्हातारीने आपट्याची पाने खाली ठेविली आणि भरल्या घरात त्यांच्या मुस्कटात दिली.

एवंच, मूठ हातास बसली, गादी धन्याकडे राहिली आणि निंबाजीराव पुन्हा दरबारात रक्ताचे नाव काढीनासे जाहले. मातोश्री त्यांच्याशी मरेपर्यंत बोलल्या नाहीत. पट्टीवर आता चार खुणा आहेत. थोरल्या महाराजांचा हात प्रत्यक्षात केवढा होता, याचा शोध मी पुष्कळ केला. काही कळत नाही.