विसाव्याची किल्ली

वीज गेली आणि आली, एवढंच झालं. पण साऱ्या बिऱ्हाडांच्या फायली सांभाळणारा जिन्याखालचा सर्व्हर जागा होताच घरच्यादारच्या सगळ्यांना ओळख विसरल्यासारखा किल्ली विचारू लागला. काकांनी तो मोठ्या हौसेनं बसवला होता. यंत्र एकच, पण प्रत्येक भाडेकरूचा कप्पा वेगळा आणि प्रत्येक कप्प्याला बत्तीस अक्षरांची गुप्त किल्ली. चौथा कप्पा घरचा. त्यात काकांनी आजारपणात भरून ठेवलेला आवाज होता. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि काकूंना तो ऐकायचा धीर अजून झाला नव्हता.

बिस्किटांच्या डब्यात किल्ल्यांच्या चार चिठ्ठ्या निघाल्या. कुठली किल्ली कुणाची हे परक्याला कळू नये म्हणून काकांनी वर नावं न घालता आपल्या मनातली टोपणनावं घातली होती: धडधड, कुरकुर, कटकट, विसावा. झाकणावर ताकीद होती, तीनदा चुकलात तर कप्पा कायमचा बंद.

"धडधड माझीच. शिलाई मशीन!" वरच्या शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या.

"कुरकुर म्हणजे माझं व्हायोलिन," मास्तर उसासले.

दोघांचे कप्पे उघडले. दातांचे डॉक्टर खुशीत आले. "मग विसावा मी. पेशंट माझ्या खुर्चीत चक्क घोरतात, काकू."

"आणि कटकट मी." काकूंना शंकाच नव्हती. यंत्र आल्या दिवसापासून त्या ऐकवत होत्या, इथं माझ्या बरण्या राहिल्या असत्या!

डॉक्टरांचा कप्पा उघडेना. दोनदा. काकूंचाही उघडेना. दोनदा.

"वर एक बाई अर्धा जबडा बधिर करून बसल्यात हो! एक्स-रे आत अडकलाय!"

"मग चिठ्ठ्या बदला की," ताई म्हणाल्या.

"म्हणजे कटकट मी?" डॉक्टर म्हणाले.

"यंत्र हळू चालतंय, यंत्र तापलंय, म्हणून रोज सकाळी काकांचं दार कोण वाजवायचं?"

डॉक्टरांनी चिठ्ठी घेऊन किल्ली दाबली. एक्स-रे दिसला तसे ते जिन्यानं पळाले.

काकू मात्र हलेनात. "विसावा? मी? छे! पाचवी चिठ्ठी असेल कुठंतरी. चुकलं तर आवाज जाईल हो त्यांचा."

"काकू, कप्पे चारच आहेत," ताई म्हणाल्या.

मग त्या एकेक अक्षर वाचत गेल्या, काकू एकेक दाबत गेल्या. कप्पा उघडला.

सगळे गेल्यावर काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि यंत्राकडे रागानं पाहिलं. "अहो, तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

यंत्राचा पंखा नुसता घरघरत राहिला.

"तुमचं नेहमीचंच," काकू म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसल्या.