वैद्यीणबाईंच्या हिरव्या काकणांचे वर्तमान

श्री धन्वंतरी समर्थ, चुलीतला अग्नी साक्ष. शके सोळाशें बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरे, पौषमासी वर्तमान घडले ते ऐसे जे, एके राज्यी, ज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही, गिरमाजी वैद्य म्हणोन महाराजांचे रसशाळेवर होते. तापावरील अर्क करावा तो तेजाब घालोन चार प्रहर उकळावा, आणि उरले तेजाब ओढ्यात सोडावे, आणि मग ओढ्यातील मासळी उलटी तरंगावी, ऐसी वडिलांपासोन चाल. वैद्यांचे कुटुंब भिवराबाई मुळ्या कुटीत आणि तेजाब ओतीत, त्याणे हात ऐसे पोळले की चुडा सोसवेना. एकेका हाती एकेक हिरवे काकण, इतुकेच लेणे. वैद्य रोज त्या हातांस लोणी लावीत आणि मनी कष्टी होत की, आपण जगास बरे करितो आणि घरचे हात जाळितो. वैद्यकी थोर, उपाय शून्य!

तो एके दिवशी मुळ्या कुटिता एक काकण वाढोन खलात पडले आणि बत्त्याखाली त्याचे पीठ जाहले. कुंकवास धोका, ऐसे मनी येऊन बाईने कोणास न सांगता खल तैसाच भांड्यात रिता केला, आणि त्या घाबरेपणी तेजाब ओतावयाचे राहिले. आणि नवल वर्तले! दोन प्रहरांतच अर्क सिद्ध जाहला, आणि पहिल्याहून निर्मळ. वैद्य हर्षले. परंतु त्रिंबकजी कारखाननिसांनी भांड्याचे तळाशी काच देखिली आणि हाकाटी केली की, महाराजांस काच चारावयाचा घाट आहे. मग दरबार भरला आणि बाईस हद्दपार करावे ऐसा रंग दिसो लागला.

बाई रडत बोलली, "काकण वाढलं, महाराज. यांच्या आयुष्याच्या भयानं बोलले नाही, अन् त्या घाईत तेजाब ओतायचंही राहिलं."

वैद्य उठोन म्हणाले, "महाराज, पुन्हा करून दाखवितो. तेजाबाचा थेंब नको, काच तेवढी हवी." आणि बाईकडे वळोन हळूच म्हणाले, "दुसरं काकण दे."

"अहो, हे शेवटलं! मोकळ्या हातांनी तुमच्यापुढं कशी उभी राहू?"

"तुझे हात जाळून मिळतं ते आयुष्य मला काय करायचंय?"

आणि वैद्यांनी आपले हाते ते काकण अलगद उतरविले आणि कुटिले. मग सोनाराचे काट्यावर काच तोलली, मुळ्यांसवे उकळली, सात पदरी वस्त्रातोन अर्क गाळिला, आणि काच धुवोन, वाळवोन पुन्हा तोलली, तो गुंजभर उणी नाही. काचेने काम केले आणि आपण जैसीची तैसी राहिली. मग पहिला पेला वैद्यांनी स्वतः प्राशन केला. दुसरे दिवशी त्याच काचेवर पुन्हा अर्क उतरविला, आणि वैद्य खडखडीत पाहोन महाराज गहिवरले आणि तेजाबाचे रांजण कायमचे बंद जाहले. कारखाननिसांनी मान खाली घालोन बाईंस साडीचोळी केली.

चैत्रात बाईंचे हात भरोन आले आणि कासारीण बोलाविली. चुडा भरिता एक काकण वाढले. बाया चपापल्या. भिवराबाई हसली, "असू द्या हो," म्हणाली, आणि तुकडे वेचोन खलात टाकिले.

सारांश, ओढ्यास मासळी परतली, रसशाळेत काकणे वाढतच राहिली, आणि गिरमाजी वैद्य त्याउपर तेहेतीस वर्षे सुखरूप जगले.